खान्देशात पळायचे म्हणजे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मेहरूण तलावावर, शाळेच्या स्टाफरूममध्ये, लग्नाच्या पंगतीत, भाजी घेताना मला पळण्याबद्दल तेच ते प्रश्न विचारले जातात. उभ्या उभ्या दिलेल्या उत्तराने माझेच समाधान होत नाही, म्हणून इथे निवांत लिहिते आहे. मी कोच नाही, डॉक्टर नाही. जळगावात राहणारी, शाळेत शिकवणारी आणि चाळिशीनंतर पळायला लागलेली बाई आहे. इथे जे लिहिले आहे ते आपल्या भागापुरते, म्हणजे जळगाव, धुळे, नंदुरबारपुरते. पुण्या-मुंबईचे वेळापत्रक इथे जसेच्या तसे चालत नाही, हेच मला सगळ्यांत आधी सांगायचे आहे.

ताई, तुम्ही पळता कशासाठी?

सुरुवात तब्येतीसाठी झाली. शाळेचा दुसरा मजला चढताना धाप लागायची. पण तब्येतीसाठी धरलेल्या गोष्टी बहुतेक वेळा महिन्या-दोन महिन्यांत सुटतात. ही सुटली नाही, कारण पळायला लागल्यावर मला माझा मुलूख दिसायला लागला. आसोद्याच्या रस्त्याला केळीची बाग आली की हवा एकदम गार लागते आणि बाग संपली की पुन्हा कोरडी होते. कापसाचे बोंड कधी उमलते, दादर (रब्बीची ज्वारी) कधी निसवते, गिरणेच्या पात्रात पाणी कधी येते, हे लहानपणापासून नुसते ऐकत आले होते. गाडीवरून जाताना यातले काही कळत नाही. पायी गेले की कळते, आणि पळत गेले की सकाळच्या एका फेरीत बरेच दिसते.

दुसरे कारण साधे आहे. दिवसभर मी कोणाची तरी बाई, आई, वहिनी, मॅडम असते. पहाटेचा तो तास माझा असतो, आणि तो मला हवा आहे.

आपल्याकडच्या उन्हात पळता येते का?

येते, पण उन्हाचे ऐकून.

मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५ अंशांच्या घरात जातो, हे कोणाला सांगायला नको. त्यात पळताना शरीर स्वतःही उष्णता तयार करत असते. स्नायू जी ऊर्जा खर्च करतात तिच्यातली जेमतेम पाव हिस्सा पाऊल पुढे टाकायला कामी येते, बाकीची उष्णता होते. ती बाहेर टाकायचा शरीराकडे मोठा मार्ग एकच, तो म्हणजे घाम सुकणे. घाम येणे नाही, घाम सुकणे.

आपल्याकडचा एप्रिल-मे कोरडा असतो. घाम आल्याआल्या उडून जातो, त्यामुळे ‘मला घाम फारसा येतच नाही’ असे वाटते. पळून आल्यावर टी-शर्टच्या पाठीवर मिठाच्या पांढऱ्या रेघा बघा, किती गेला ते कळेल. याच्या उलट सप्टेंबर. पोळा-गणपतीच्या दिवसांत तापमान कमी असते, पण हवा दमट असते. घाम टपटप गळतो आणि सुकत नाही, म्हणजे अंग थंड होत नाही. म्हणून सप्टेंबरमधली दमट सकाळ मला एप्रिलमधल्या कोरड्या सकाळीपेक्षा जड जाते. ‘ऊन कुठे आहे, ढगाळ तर आहे’ म्हणून वेग वाढवणारे लोक याच दिवसांत चक्कर येऊन बसलेले मी पाहिले आहेत.

माझा उन्हाळ्याचा नियम असा : अखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आसपासचे दोन महिने पहाटे पाचला रस्त्यावर आणि साडेसहाच्या आत घरी. सूर्य पावणेसहाच्या सुमारास उगवतो आणि त्यानंतर फार वेळ मिळत नाही. संध्याकाळी मी पळत नाही. सूर्य मावळला तरी डांबर आणि भिंती रात्रीपर्यंत गरम वाफ सोडत असतात. या दिवसांत किलोमीटर मोजायचे नाहीत, मिनिटे मोजायची. चाळीस मिनिटे ठरवली की ती संपल्यावर थांबायचे, मग अंतर कितीही होवो.

शरीर उन्हाला सरावते, पण त्याला दहा ते चौदा दिवस लागतात. बाहेरगावी थंड हवेत राहून मे महिन्यात माहेरी आलेल्या मुली दुसऱ्याच दिवशी पूर्वीच्या वेगाने पळायला निघतात. त्यांनी पहिला आठवडा नुसते चालावे.

ऊन लागले हे कसे ओळखायचे? त्या वेळी काय करायचे?

हा भाग घाईत वाचू नका.

डोके दुखणे, मळमळ, पायात गोळे येणे, उन्हात असूनही अंगावर काटा येणे : यातले काहीही झाले की थांबा, सावलीत बसा, डोक्यावर-मानेवर पाणी ओता, पाणी आणि मीठ-साखर घ्या. पुढे पळायचे नाही, चालत किंवा रिक्षाने घरी.

माणूस असंबद्ध बोलायला लागला, झोकांड्या द्यायला लागला, नाव-गाव नीट सांगेना, तर तो उष्माघात समजा. त्या वेळी एकेक मिनिट मोलाचे असते. १०८ला फोन करा आणि गाडी येण्याची वाट न पाहता त्याला गार करायला लागा. सावलीत आडवा करा, कपडे सैल करा, अंगावर मिळेल तितके पाणी ओता, वारा घाला; बर्फ मिळाला तर मान, काख आणि जांघेत लावा. शुद्ध नीट नसेल तर तोंडात पाणी घालू नका. घाम यायचा थांबला तरच उष्माघात असे नाही. पळणाऱ्याला उष्माघात झाला तरी अंग घामाने ओले असू शकते.

मग वर्षाची आखणी कशी करता?

शेतकऱ्यासारखी. आमचा हंगाम दिवाळीनंतर सुरू होतो.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे आपले सोन्याचे दिवस. जानेवारीत पहाटे दहा-बारा अंशांपर्यंत खाली येते, कधी त्याहून कमी. सूर्य सातनंतर उगवतो. लांबचे पळणे, वेगाचा सराव, स्पर्धा, सगळे याच चार महिन्यांत. मार्चपासून कमी करत जायचे. एप्रिल-मे टिकवून धरायचे, वाढवायचे नाही. जून-जुलैत पाऊस पडला की पुन्हा पाया रचायला घ्यायचा. ऑगस्ट-सप्टेंबर दमट, म्हणून सावकाश. ऑक्टोबरची हीट सोसून झाली की दिवाळी.

इंटरनेटवरचे सोळा आठवड्यांचे प्लॅन थंड देशांतल्या लोकांनी त्यांच्या उन्हाळ्यासाठी लिहिलेले असतात. ते घ्या, पण शेवटचे आठ आठवडे आपल्या थंडीत येतील असे मागे मोजून घ्या. सप्टेंबरअखेर-ऑक्टोबरमधल्या स्पर्धेसाठी लांब अंतराचा सराव दमट पावसाळ्यात करावा लागतो. जानेवारीतली स्पर्धा खान्देशच्या माणसाला जास्त सोयीची.

मी आत्तापर्यंत कधीच पळालो नाही. कुठून सुरू करू?

आठवड्यातून तीन दिवस, एकाआड एक. आधी दहा मिनिटे चाला. मग एक मिनिट हळू पळा, दोन मिनिटे चाला. असे आठ-दहा वेळा. शेवटी पाच मिनिटे चाला आणि घरी या. दर आठवड्याला पळण्याचे मिनिट थोडे वाढवा, चालण्याचे कमी करा. एखादा आठवडा जड गेला तर तोच पुन्हा करा. अडीच-तीन महिन्यांत बहुतेक लोक न थांबता अर्धा तास पळू लागतात.

छातीत दुखते, पूर्वी हृदयाचा त्रास झाला आहे, बीपी-शुगर आहे, घरात कमी वयात हार्ट अटॅकने कोणी गेले आहे, असे काही असेल तर आधी डॉक्टरांकडे जा. शुगरच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर खिशात साखरेची पुडी किंवा ग्लुकोज ठेवूनच निघा.

हळू म्हणजे किती हळू?

शेजारच्याशी पूर्ण वाक्यात बोलता आले पाहिजे. ‘काल आमच्याकडे पाहुणे आले होते आणि वरण-बट्टी केली होती’ एवढे वाक्य श्वास न तुटता म्हणता आले तर वेग बरोबर. ‘काल... पाहुणे...’ झाले तर हळू व्हा. पळण्याचे जवळजवळ ऐंशी टक्के दिवस असेच असावेत.

लोकांना हे पटत नाही. हळू पळणे म्हणजे कमीपणा वाटतो, विशेषतः पुरुषांना. शाळेत शंभर मीटर पळवून जो जिंकला त्यालाच ‘पळणारा’ म्हणायची सवय आपल्याला लागली आहे. पण हळू पळण्यानेच हृदय एका ठोक्यात जास्त रक्त ढकलायला शिकते, स्नायूंत बारीक रक्तवाहिन्या वाढतात, शरीर चरबी वापरायला लागते. ही कामे महिन्यांनी होतात, दिवसांनी नाही. आणि हाडे व स्नायूबंध स्नायूंपेक्षाही उशिरा तयार होतात. दम टिकायला लागला म्हणून अंतर एकदम वाढवणारा माणूस दोन महिन्यांत नडगी धरून बसतो.

तुमचा टाइम किती?

हाफ मॅरेथॉनला, म्हणजे साधारण २१ किलोमीटरला, अडीच तासांच्या आसपास. मी त्यात समाधानी आहे.

खान्देशची माणसे आणि लांब पल्ला, हे जमणारे आहे का? हे शहरी लोकांचे फॅड नाही का?

चैत्रात रस्त्याने बघा. धुळे, जळगाव, नंदुरबारकडून सप्तशृंगगडाकडे पायी निघालेल्या लोकांचे थवेच्या थवे दिसतात. हातात झेंडे, डोक्याला रुमाल, पायात साध्या चपला. रात्री आणि पहाटे चालतात, दुपारी सावलीला टेकतात. उन्हाचे शास्त्र कोणी शिकवले नाही, पण वेळ बरोबर धरलेली असते. मुक्ताईनगरहून संत मुक्ताईची पालखी पंढरपूरला निघते ती महिनाभराच्या आसपास चालत असते. लांब अंतर सोसायची रीत इथे जुनी आहे. बूट आणि घड्याळ तेवढे नवे.

एकदा कापूस वेचणीच्या दिवसांत मी बांभोरीच्या पुढे एरंडोलच्या दिशेने पळत होते. बांधाला बाया वेचणीला निघाल्या होत्या, कमरेला कापसाच्या ओट्या बांधून. त्यांच्यातल्या एका म्हातारीने हाक मारली, “काब्र पयी राह्यनी व माय?” मी थांबले. सांगितले, तब्येतीसाठी. तिने कॅनमधले पाणी माझ्या ओंजळीत ओतले, माझ्या बुटांकडे निरखून बघितले आणि म्हणाली की ती दरवर्षी गडावर पायी जाते. किती दिवस लागतात विचारले तर चार म्हणाली. मग विचारले, पाय दुखत नाहीत का? तिने चप्पल काढून तळवा दाखवला. टाचेला भेगा होत्या, त्यांत काळी माती बसलेली. फोड एकही नव्हता. हळू चालायचे, म्हणाली, आणि थांबायचे नाही. मला कोणी पळण्याचे रहस्य विचारले की मी त्या बाईचे उत्तर सांगते.

मॅरेथॉनचे अंतर ४२.१९५ किलोमीटरच का?

१८९६च्या अथेन्स ऑलिम्पिकमध्ये ते साधारण ४० किलोमीटर होते. १९०८ साली लंडनला शर्यत विंडसर राजवाड्यापासून स्टेडियममधल्या राजघराण्याच्या आसनासमोरपर्यंत आखली गेली, ते अंतर ४२.१९५ भरले. १९२१मध्ये तेच कायम झाले. त्याच्या आदल्याच वर्षी, १९२०च्या अँटवर्प ऑलिम्पिकमध्ये बेळगावचे फडेप्पा चौगुले मॅरेथॉन पळाले आणि एकोणिसावे आले. ती शर्यत तर ४२.७५ किलोमीटरची होती. आपल्या मुलांना हे नाव माहीत नसते, म्हणून मी दरवर्षी वर्गात सांगते.

स्पर्धेत पाच किंवा दहा किलोमीटर पळणाऱ्याने ‘मी मॅरेथॉन पळालो’ म्हटले तरी मला राग येत नाही. पण फरक माहीत असावा.

पळण्याआधी काय खायचे?

केळ. जळगावच्या केळीला २०१६ साली जीआय (भौगोलिक) मानांकन मिळाले, पण त्याआधीपासून ती आपल्या दारात आहे. मध्यम केळात पंचवीसेक ग्रॅम कर्बोदके असतात, पोटाला हलके आणि स्वस्त. अर्धा तास आधी एक केळ आणि थोडा कोरा चहा मला पुरतो. तासाभराच्या आतले पळणे असेल तर उपाशीपोटीही चालते.

दीड-दोन तासांच्या पुढे गेलात तर वाटेत खायलाच हवे. स्नायूंत आणि यकृतात साठवलेली साखर साधारण तेवढाच वेळ पुरते. ती संपली की पाय शिशाचे होतात आणि मनही खचते. बाजारातली जेलची पाकिटे मिळतात, मी गुळाचे खडे आणि केळ नेते. ताशी ३० ते ६० ग्रॅम कर्बोदके पोटात जायला हवीत, मग ती कशातूनही जावोत. सराव करताना जे खाल्ले तेच स्पर्धेत खायचे. नवीन काही नाही.

आदल्या रात्री शेवभाजी नको. मला ती अतिशय प्रिय आहे, पण तर्री आणि तिखट दुसऱ्या दिवशी वाटेत त्रास देतात. दादरची भाकरी, वरण, भात, ताक असे साधे जेवण. भरीत, कळण्याची भाकरी, ठेचा, तूप घातलेली बट्टी हे सगळे पळून आल्यावर. थंडीत लांबचे पळून, आंघोळ करून, काड्यांवर भाजलेल्या हिरव्या वांग्याचे भरीत आणि कळण्याची भाकर खाणे यासारखे सुख मला माहीत नाही.

पाणी किती प्यायचे?

तहान लागेल तेवढे. अर्ध्या तासाच्या पळण्यात पाणी न्यायची गरज नाही, उन्हाळा सोडून. तासापुढे गेलात तर बाटली हवी आणि त्यात मीठही हवे. नुसते साधे पाणी लिटरवर लिटर पीत राहिलात तर रक्तातले सोडियम उतरते आणि ते जिवावर बेतू शकते. हळू पळणारे, चार-पाच तास रस्त्यावर असणारे लोक यात जास्त सापडतात. घरी करायचे असेल तर एक लिटर पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चहाच्या चमच्याने. लिंबू पिळा. मेडिकलमधले ओआरएसचे पाकीटही चालते, पण पाकिटावर लिहिले तेवढ्याच पाण्यात विरघळवा.

नंदुरबारकडच्या आमच्या मुलांना पळायची आवड आहे. त्यांच्यासाठी वेगळी काही काळजी?

हो, आणि ही गोष्ट फार कमी लोक बोलतात. सातपुड्याच्या पट्ट्यातल्या आदिवासी समाजात सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचे प्रमाण बरेच आहे. ज्यांना आजार आहे त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय जोराचे पळणे करू नये. जे फक्त वाहक आहेत, म्हणजे ज्यांच्यात तो दोष आहे पण आजार नाही, ते एरवी ठणठणीत असतात, पळूही शकतात. पण कडक ऊन, अंगातले पाणी कमी झालेले आणि जीव तोडून पळणे, हे तिन्ही एकत्र आले तर वाहकालाही गंभीर त्रास होऊ शकतो. स्नायू मोडून किडनीवर ताण येतो.

तपासणी सरकारी दवाखान्यात होते. पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या प्रत्येक मुलाने, मुलीने ती करून घ्यावी. भरतीच्या तयारीत १६०० मीटर, ८०० मीटर जोरात काढायचे असतात, तेही बऱ्याचदा उन्हात आणि पोटात काही नसताना. वाहक असाल तर हळूहळू वाढवा, मधे विश्रांती घ्या, पाणी पीत राहा, ताप असताना पळू नका. पाय अचानक गळून गेले, कंबर-मांड्या भरून दुखायला लागल्या तर थांबा आणि सोबतच्यांना सांगा की वाहक आहे. ‘आळशी आहे, उठ’ म्हणून अशा मुलाला कोणी उठवून पळवू नये. हे मी कळकळीने लिहिते आहे.

बाईमाणसाने पळावे का? घरचे काय म्हणतात?

१९२८च्या ऑलिम्पिकमध्ये बायकांची ८०० मीटर शर्यत झाली, काही जणी शेवटी दमून खाली बसल्या, आणि तेवढ्यावरून ती शर्यत १९६०पर्यंत बंद ठेवली. बायकांची ऑलिम्पिक मॅरेथॉन थेट १९८४ साली लॉस एंजेलिसला सुरू झाली. म्हणजे हा प्रश्न फक्त आपल्या गल्लीतला नाही.

घरचे आधी काळजीने बोलतात, नंतर सवयीने गप्प होतात. माझ्या सासूबाईंचा आक्षेप पळण्याला नव्हता, अंधारात एकटीने जाण्याला होता. तो रास्त होता. शेजारच्या वहिनी सोबत यायला लागल्यावर प्रश्न मिटला. आता नळ येण्याचा दिवस असला की सासूबाईच आदल्या रात्री आठवण करतात, म्हणजे मी पळण्याची वेळ मागे-पुढे करते.

कपडे : सलवार-कमीजवर पळायला सुरुवात करा, काही बिघडत नाही. ओढणी मात्र घरी ठेवा किंवा घट्ट बांधा. पैसे खर्च करायचे तर आधी चांगल्या स्पोर्ट्स ब्रावर करा, मग बुटांवर.

पाळीच्या दिवसांत पळायला हरकत नाही; जमेल तसे. पळताना किंवा खोकताना लघवी होत असेल, आणि बाळंतपणानंतर बऱ्याच जणींना होते, तर लाजू नका. ओटीपोटाखालच्या स्नायूंचे व्यायाम फिजिओथेरपिस्ट शिकवतात आणि त्यांनी फरक पडतो. सतत थकवा वाटत असेल तर हिमोग्लोबिन तपासा. आपल्या बायका अंगात रक्त कमी असताना वर्षानुवर्षे काम करत राहतात आणि त्यालाच वय झाले म्हणतात. लोहाच्या गोळ्या चहासोबत घेऊ नका, लिंबू-पाण्यासोबत घ्या.

गुडघे खराब होतात ना?

हौशीने, बेताने पळणाऱ्यांचे गुडघे बसून राहणाऱ्यांपेक्षा जास्त झिजतात, असे संशोधनात दिसलेले नाही, उलटच दिसते. आधीच संधिवात किंवा जुनी दुखापत असेल तर गोष्ट वेगळी.

दुखणे सुरू झाले तर ते पळताना वाढते की कमी होते ते बघा. वाढत असेल, चाल बदलत असेल, दुसऱ्या दिवशी जिना उतरताना टोचत असेल तर थांबा. पेनकिलर खाऊन पळणे हा प्रकार मला भीतिदायक वाटतो. अंगातले पाणी कमी असताना त्या गोळ्या किडनीला इजा करतात, आणि आपल्या उन्हात पाणी कमी झालेलेच असते.

बूट कोणते घ्यावेत?

पायाला आरामदायक वाटतात ते. संध्याकाळी जाऊन घ्या, तेव्हा पाय थोडे सुजलेले असतात. अंगठ्यापुढे बोटभर जागा ठेवा. पाचशे-आठशे किलोमीटरनंतर बदला. अबेबे बिकिला १९६०ला रोमचे ऑलिम्पिक अनवाणी जिंकला हे खरे आहे, पण आपल्या वाटांवर सराटे आणि बाभळीचे काटे आहेत. काळ्या मातीत पावसाळ्यात उतरूच नका. दहा पावलांत प्रत्येक बुटाला किलोभर चिखल लागतो.

कुठे पळायचे? रस्ते सुरक्षित आहेत का?

जळगावात मेहरूण तलावाभोवती, मोहाडी रोडला लांडोरखोरीच्या बाजूला, शिरसोली रोडला. धुळ्याहून ललिंगचा चढ सरावाला उत्तम आहे. गावात असाल तर शाळेचे किंवा कॉलेजचे मैदान.

महामार्ग टाळा. रस्त्यावर पळावेच लागले तर उजव्या कडेने, समोरून येणारी वाहने दिसतील असे पळा. अंधारात पांढरे किंवा चमकणारे कपडे, हातात टॉर्च, आणि कानात इअरफोन नको. कापसाच्या दिवसांत ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर कापूस दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला असतो आणि मागे दिवा नसतो. रावेर-सावद्याकडे केळीचे ट्रक घाईत असतात.

ऑगस्ट ते ऑक्टोबर शेतात फवारणी चालू असते. पाठीवर पंप घेतलेला माणूस दिसला आणि वारा तुमच्या दिशेने असला तर मागे फिरा. पळताना आपण एरवीपेक्षा कितीतरी पट हवा आत घेतो.

सातपुड्याच्या पायथ्याला आणि चाळीसगावकडे गिरणेच्या पट्ट्यात बिबट्याचा वावर आहे. तिकडे उजाडल्याशिवाय निघू नका, एकटे तर मुळीच नको.

कुत्री मागे लागतात.

पळणे थांबवा, चालायला लागा, पाठ फिरवू नका. चावलेच तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवा आणि त्याच दिवशी इंजेक्शन घ्या. हळद-चुना भरू नका.

पळून वजन उतरते का?

थोडे. साठ किलोच्या माणसाने पाच किलोमीटर पळले तर साधारण तीनशे कॅलरी जातात, आणि दोन समोसे खाल्ले की बहुतेक परत येतात. जेवण सुधारल्याशिवाय वजन उतरत नाही. झोप, बीपी, शुगर, मन यांना मात्र वजन उतरले नाही तरी फायदा होतो.

पहिली मोठी स्पर्धा कोणती करावी?

आपल्याच भागातली दहा किलोमीटरची. घरचे बघायला येतात, हवामान ओळखीचे असते, प्रवासाचा शीण नसतो. मग हाफ. मुंबईची मॅरेथॉन २००४पासून जानेवारीत होते आणि तिचा माहोल एकदा अनुभवावाच, पण तिथली हवा दमट आहे आणि पेडर रोडचा चढ परतीला, पाय थकल्यावर येतो. खान्देशच्या कोरड्या थंडीत काढलेला वेग तिथे मिळेल असे धरू नका. किलोमीटरमागे थोडा वेळ जास्त सोडा. साताऱ्याची हिल हाफ मॅरेथॉन करायची तर आधी चढांवर सराव हवा, आणि जळगावात चढ शोधावे लागतात. आम्ही त्यासाठी उड्डाणपूल वापरतो, रहदारी नसताना.

माझी मुलगी सातवीत आहे, पळण्यात चांगली आहे. पुढे काय करू?

तिला खेळू द्या. या वयात फक्त लांब पल्ला पळवू नका. लंगडी, खो-खो, कबड्डी, उड्या, छोटे वेगाचे पळणे हे सगळे तिच्या कामी येईल. शालेय स्पर्धा तालुका, जिल्हा, विभाग, राज्य अशा चढत्या असतात आणि १४, १७, १९ वर्षांखालील गट असतात. पावसाळ्यातच तालुका पातळीवर नावे जातात, म्हणून जूनमध्येच शाळेच्या क्रीडाशिक्षकांना भेटा.

घरात तिच्या पळण्याचे कौतुक करा, पण प्रत्येक शर्यतीनंतर नंबर विचारू नका. पाळी सुरू झाली की एक-दोन वर्षे वेग अडतो, कधी कमीही होतो. ते नैसर्गिक आहे, त्या काळात तिला बोलू नका आणि पळणे बंदही करू नका. मी वर्गातल्या कितीतरी चपळ मुली नववीत मैदानावरून नाहीशा होताना बघितल्या आहेत, आणि त्यांच्यातल्या बहुतेक जणींना कोणी पळू नको असे म्हटलेले नव्हते. त्यांना कोणी ये असे म्हटले नव्हते, इतकेच.

पोटभर खायला द्या : दूध, डाळी, शेंगदाणे, अंडी चालत असतील तर अंडी. आणि बूट तिच्या मापाचेच घ्या. पाय वाढतोय म्हणून एक नंबर मोठे घेतले की टाच आत घसरते, फोड येतात, आणि मग ती बूट बाजूला ठेवते.